सीटीएक्स आणि पी१एनपी: सॅम्पल घेण्यापासून रिपोर्टपर्यंत आकडे कसे सांभाळायचे

सीटीएक्स आणि पी१एनपी या रक्ताच्या चाचण्या: पहिली हाड किती झिजतंय ते सांगते, दुसरी किती बनतंय ते. ऑर्थोपेडिक डॉक्टरांचा फोन येतो. "या बाईंचं सीटीएक्स तीन महिन्यांपूर्वी ०.५२ होतं, आता ०.३१ आहे. हाडांची गोळी लागू पडली असं समजू का?" लॅबमध्ये कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने) पाहिले जातात, ते ठीक असतात. कॅलिब्रेशनही ठीक असतं. मग "मशीन बरोबर आहे, डॉक्टर" असं उत्तर दिलं जातं. मशीन खरंच बरोबर असतं. पण पहिलं सॅम्पल सकाळी आठला उपाशीपोटी घेतलेलं असतं आणि दुसरं साडेअकराला, पोहे आणि चहा झाल्यावर. एवढ्यावरच सीटीएक्स चाळीस टक्के खाली येऊ शकतं. बाईंनी गोळीचं पाकीट उघडलंही नसेल.

बोन टर्नओव्हर मार्करच्या, म्हणजे हाडाची झीज-भर दाखवणाऱ्या या चाचण्यांच्या, बहुतेक गडबडी मशीनच्या आधीच झालेल्या असतात. त्यामुळे खालच्या क्रमात मशीनचा नंबर बराच उशिरा लागतो. कलेक्शन सेंटर चालवणारे, फ्लेबोटॉमिस्ट (रक्त काढणारे), लहान-मध्यम लॅबचे टेक्निशियन आणि रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर, या सगळ्यांनी आपापला टप्पा वाचावाच. शेजारच्याचा टप्पाही एकदा पाहून ठेवावा.

## टप्पा १: यादी लहान ठेवा

आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन (आयओएफ) आणि आयएफसीसी (क्लिनिकल केमिस्ट्रीचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांनी २०११ मध्ये दोन संदर्भ मार्कर सुचवले: हाड झिजण्यासाठी रक्तातलं सीटीएक्स आणि हाड बनण्यासाठी रक्तातलं पी१एनपी. ऑस्टिओपोरोसिसच्या उपचारांवर लक्ष ठेवायला हे दोन पुरतात. लघवीतलं एनटीएक्स, ऑस्टिओकॅल्सिन वगैरे हाडांचे इतर मार्कर जोडून "बोन प्रोफाइल" फुगवलं, तर प्रत्येक चाचणीची वेगळी तयारी, वेगळी नळी आणि वेगळी चूक गळ्यात पडते.

अपवाद किडनीच्या रुग्णांचा. सीटीएक्स किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी मंदावली की ते साचतं. पी१एनपीच्या काही किट फक्त अखंड, तीन साखळ्यांचं रूप मोजतात, तर काही सुट्या साखळ्याही धरून "टोटल" मोजतात. किडनी निकामी असली की या सुट्या साखळ्याही साचतात. डायलिसिसच्या रुग्णासाठी बोन अल्कलाइन फॉस्फटेज (हाडातलं एक एन्झाइम) किंवा अखंड पी१एनपी अधिक भरवशाचं. तुमची किट "टोटल" मोजते की "इंटॅक्ट", हे आजच इन्सर्टमध्ये (किटसोबतच्या माहितीपत्रकात) बघा आणि चाचणीच्या नावातच लिहा.

## टप्पा २: रुग्णाची तयारी

सर्वात जास्त वेळ इथे द्या. ही माहिती बुकिंगच्या फोनवरच सांगायची आणि आदल्या संध्याकाळी मेसेजने पुन्हा पाठवायची. सकाळी दारात उभं राहून सांगण्याचा काही उपयोग नाही, तोवर चहा झालेला असतो.

रात्रीचं जेवण लवकर, त्यानंतर सकाळपर्यंत फक्त पाणी. किमान आठ तास, बारा झाले तर उत्तम. पी१एनपीवर खाण्याचा परिणाम जवळजवळ नाही, सीटीएक्सवर मोठा आहे. दोन्ही एकाच वेळी काढायची असतात, म्हणून नियम सीटीएक्सचाच लावायचा.

विचारण्याची पद्धत फार महत्त्वाची. बोरिवलीच्या एखाद्या घरी हमखास होणारा संवाद असा:

"काकू, उपाशी आहात ना?"
"हो हो, काही खाल्लं नाही. गोळीबरोबर अर्धा कप चहा तेवढा घेतला."

संकष्टी किंवा एकादशी असेल तर "आज उपवासच आहे" असं उत्तर येतं आणि साबुदाण्याची खिचडी पोटात असते. म्हणून प्रश्न बदला: "रात्री जेवल्यापासून आत्तापर्यंत पाण्याशिवाय तोंडात काय काय गेलं?" उत्तर ऐका आणि टीआरएफवर (चाचणीच्या मागणी-फॉर्मवर) शेवटच्या खाण्याची वेळ लिहा. "फास्टिंग – हो" एवढी खूण पुरत नाही.

गोळ्यांचं असं:

- कॅल्शियमची सकाळची गोळी सॅम्पल झाल्यावर. कॅल्शियम पोटात गेलं की काही तासांत सीटीएक्स उतरतं.
- आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट किंवा रायझेड्रोनेट त्याच दिवशी येत असेल तर आधी रक्त, मग गोळी. ती गोळी तशीही साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास उपाशी बसायचंच असतं, त्यामुळे क्रम सहज जुळतो.
- डेनोसुमॅब (हाडाची झीज रोखणारं इंजेक्शन) चालू असेल तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख टीआरएफवर हवीच. हे इंजेक्शन सीटीएक्स काही दिवसांत खाली आणतं आणि पुढचा डोस चुकला की ते उसळतं. तारखेशिवाय आकडा वाचता येत नाही.
- स्टेरॉइड चालू आहे का, हे विचारा. स्टेरॉइडने पी१एनपी खाली येतं.
- केस आणि नखांच्या गोळ्या. यावर वेगळं सांगायला हवं.

सावधान – बायोटिन (एक बी जीवनसत्त्व). केस गळतात म्हणून मुंबईत निम्म्या ओळखीच्या बायका बायोटिन घेत असतात आणि ते "औषध" म्हणून कुणीही सांगत नाही. स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन आणि बायोटिन यांच्या पकडीवर चालणाऱ्या सँडविच पद्धतीच्या किटमध्ये (मोजायचा रेणू दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडतात) रक्तात जास्त बायोटिन असलं की आकडा खोटा कमी येतो. सीटीएक्स आणि पी१एनपी दोन्ही. म्हणजे औषध जोरात काम करतंय असा देखावा. काही कंपन्यांनी नव्या किटमध्ये बायोटिनची सहनशक्ती वाढवली आहे, तुमच्या इन्सर्टमधली मर्यादा पाहा. तरीही सुरक्षित नियम असा: गोळी दोन-तीन दिवस आधी बंद, किडनीचा त्रास असेल तर त्याहून आधी. प्रश्न विचारताना "बायोटिन घेता का" म्हणू नका. "केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी काही गोळी-पावडर चालू आहे?" असं विचारा.

आदल्या दिवशी जड व्यायाम नको. शिवाजी पार्कातल्या चार फेऱ्यांना हरकत नाही, पण त्या सॅम्पलनंतर मारलेल्या बऱ्या.

शेवटचा प्रश्न: गेल्या वर्षभरात हाड मोडलं होतं का? फ्रॅक्चरनंतर दोन्ही मार्कर कित्येक महिने चढे राहतात. मनगट मोडल्यावर तीन महिन्यांनी घेतलेली "बेसलाइन" (तुलनेसाठीचा सुरुवातीचा आकडा) ही बेसलाइन नसते.

## टप्पा ३: घड्याळ

सीटीएक्स रात्रीच्या उत्तरार्धात सर्वात वर असतं आणि दुपारी सर्वात खाली. हा दैनंदिन चढउतार पी१एनपीत अगदी थोडा आहे. आयएफसीसी आणि आयओएफच्या समितीची शिफारस सकाळी साडेसात ते दहा या वेळेची आहे.

मुंबईत होम कलेक्शन सहालाच सुरू होतं, कारण लोकांना लोकल पकडायची असते. फास्टिंग शुगरला ते चालतं. बोन मार्करचं बुकिंग मात्र सहाच्या स्लॉटमध्ये टाकू नका आणि "येता येता" साडेदहालाही ढकलू नका. बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन चाचण्यांसाठी साडेसात ते साडेनऊचेच स्लॉट दिसतील अशी सोय करून घ्या. फोनवरच्या माणसाच्या लक्षात राहील या भरवशावर राहू नका.

त्याच रुग्णाचं पुढचं सॅम्पल शक्यतो मागच्याच वेळेला, अर्धा-एक तास इकडेतिकडे. त्यासाठी मागच्या सॅम्पलची वेळ फ्लेबोच्या मोबाइलवर दिसायला हवी.

तपासा: टीआरएफवर रक्त काढल्याची खरी वेळ आहे की बारकोड छापल्याची? कित्येक ठिकाणी एलआयएस (लॅबचं सॉफ्टवेअर) बारकोडची वेळच "कलेक्शन टाइम" म्हणून उचलतं.

## टप्पा ४: नळी

सीटीएक्ससाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळी नळी. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) सीटीएक्स लवकर घटतं, खोलीच्या तापमानाला काही तासांतच. ईडीटीए प्लाझ्मात (न गोठलेल्या रक्तातून पेशी वगळल्यावरच्या द्रवात) ते दिवसभर टिकतं. पी१एनपी दोन्हींत चांगलं टिकतं, म्हणून दोन्ही चाचण्या त्याच जांभळ्या नळीतून करता येतात. किटच्या इन्सर्टमध्ये ईडीटीए प्लाझ्माला मान्यता आहे ना, एवढं पाहून घ्या.

लॅबमध्ये आजवर सीरमच चालत आलं असेल तर एका सोमवारी सरसकट बदल करू नका. काही रुग्णांचं रक्त दोन्ही नळ्यांत घेऊन, दोन्ही आकडे शेजारी ठेवून फरक बघा आणि बदलाची तारीख रिपोर्टवर छापा. सर्वात वाईट म्हणजे एका रुग्णाचं एकदा सीरम, एकदा प्लाझ्मा.

काढण्याचा क्रम: आधी कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी यांसाठीची जेल नळी, मग जांभळी. उलट झालं आणि ईडीटीएचा अंश जेल नळीत गेला तर कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज खोटं कमी, पोटॅशियम खोटं जास्त. हाडांच्या तपासणीत कॅल्शियमच चुकलं तर बाकीच्या कष्टांना अर्थ उरत नाही.

जांभळी नळी खुणेपर्यंत भरा. आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करा, घुसळू नका. टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) जास्त वेळ नको. सिरिंजने ओढलं असेल तर सुईतून नळीत जोराने दाबू नका. हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेल्या) सॅम्पलमध्ये सीटीएक्स खोटं कमी येऊ शकतं. असं सॅम्पल "बघू, चालेल" म्हणून लावायचं नाही, परत मागवायचं.

## टप्पा ५: कलेक्शन सेंटर ते मुख्य लॅब

विरार किंवा अंबरनाथच्या सेंटरवर साडेआठला घेतलेलं रक्त मुख्य लॅबमध्ये दुपारी दोनला पोचतं. वाटेत रनरची बॅग, लोकलची गर्दी, मे महिन्याचं ऊन आणि जुलैत रुळांवर पाणी. "खोलीच्या तापमानाला स्थिर" असं इन्सर्ट म्हणतं तेव्हा २० ते २५ अंश अभिप्रेत असतात. बाइकच्या डिकीत तेवढे नसतात.

सेंटरवर सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) असेल तर तिथेच प्लाझ्मा वेगळा करा, दुसऱ्या नळीत काढा, नवा बारकोड लावा आणि २ ते ८ अंशांत ठेवा. ईडीटीएची नळी जेलची नसते, त्यामुळे फिरवून तशीच पाठवली तर हिंदकळून पेशी पुन्हा प्लाझ्मात मिसळतात. फिरवलेली जांभळी नळी आहे तशी रवाना करणं ही रोजची चूक आहे.

सेंट्रिफ्यूज नसेल तर रक्त न फिरवता, थंड बॅगेत, त्याच दिवशी पोचवा. कोल्ड पॅक आणि नळीच्या मध्ये स्पंज किंवा कागदाचा थर हवा. बर्फाला चिकटलेली नळी गोठते, पेशी फुटतात आणि वर सांगितलेली हिमोलिसिसची कटकट मागे लागते.

पावसाळ्यासाठी आधीच ठरवून ठेवा. गाड्या बंद पडल्या तर सॅम्पल कुठल्या सेंटरवर थांबेल आणि तिथे फ्रिज आहे का, हे कागदावर असू द्या. त्या दिवशी सेंट्रिफ्यूज नसलेल्या सेंटरवर बोन मार्कर घेऊच नका. ही तातडीची चाचणी नाही. दोन दिवसांनी घेतलेलं चांगलं सॅम्पल पाण्यात अडकलेल्या सॅम्पलपेक्षा केव्हाही बरं.

लॅबमध्ये आल्यावर त्याच दिवशी लावणार नसाल तर उणे २० अंशांत, अधिक काळ ठेवायचं तर उणे ७०. एकदाच वितळवा. वितळल्यावर हलकेच मिसळा आणि गुठळी दिसली तर पुन्हा फिरवा.

तपासा: सॅम्पल आलं त्या क्षणी बॅगेचं तापमान कुणी लिहितं का? डेटा लॉगर परवडत नसेल तर बॅगेतला साधा डिजिटल थर्मामीटरही चालेल. पण वाचून लिहिणारा माणूस हवा.

## टप्पा ६: मशीन वापरात घेण्यापूर्वी

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबच्या मानकानुसार पडताळणी करावीच लागते. प्रश्न एवढाच की ती फाइलसाठी होते की आपल्यासाठी. सीएलएसआय या लॅब-मानक संस्थेच्या ईपी१५ या मार्गदर्शिकेप्रमाणे पाच दिवस, रोज पाच वेळा, किमान दोन पातळ्यांवर.

पातळ्या निवडताना डोकं वापरा. कंपनीचे कंट्रोल बहुधा मध्यम आणि उंच असतात. उपचार चालू असलेल्या रुग्णांचं सीटीएक्स तळाला, ०.१ ते ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास असतं, आणि निर्णय तिथेच घ्यायचे असतात. उपचारावरच्या रुग्णांच्या उरलेल्या प्लाझ्मा एकत्र करून खालच्या पातळीचं एक मिश्रण बनवून त्यावर अचूकता बघा. मध्यम पातळीला ३ टक्के असलेला सीव्ही (तेच सॅम्पल पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडा किती हलतो त्याचा टक्का) तळाला ८ झाला, तर ते तुम्हाला ठाऊक हवं.

दुसऱ्या कंपनीच्या मशीनशी तुलना करायची तर ईपी०९ प्रमाणे किमान ४० सॅम्पल. पण त्यातून काढलेला गुणक लावून एका मशीनचा आकडा दुसऱ्याचा करू नका. सीटीएक्सला जगभर मान्य असा मूळ संदर्भ पदार्थ नाही, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी सरळ रेषेत जुळतीलच असं नाही.

## टप्पा ७: रोजचे कंट्रोल आणि लॉट बदल

वेस्टगार्डचे नियम (कंट्रोल कधी नापास धरायचे ते सांगणारे) नेहमीचेच. इथे वेगळं आहे ते लॉट बदलाचं, म्हणजे किटची नवी बॅच येण्याचं, प्रकरण. कंट्रोलचा द्रव रुग्णाच्या रक्तासारखा वागेलच असं नाही. नवा लॉट आला, कंट्रोल चोख बसले, पण रुग्णांचे आकडे दहा टक्क्यांनी सरकले, असं होऊ शकतं. म्हणून जुन्या लॉटवर मोजलेली, गोठवलेली रुग्णांची काही सॅम्पल (खालची, मधली, वरची) नव्या लॉटवर पुन्हा लावा. किती फरक खपवून घ्यायचा हे आधी लिहून ठेवा. आकडे पाहिल्यावर ठरवलं की सगळंच खपतं.

महिन्यातून एकदा सर्व रुग्णांच्या सीटीएक्सचा मध्यक काढा. तो हळूहळू उतरत असेल आणि कंट्रोल जागेवर असतील, तर दोष बहुधा सॅम्पलच्या प्रवासात आहे. कुठल्या सेंटरवरून उतरतोय, हे सेंटरवार काढलं की लगेच दिसतं.

## टप्पा ८: संदर्भमर्यादा

किटच्या मर्यादा बहुतेक वेळा परदेशी लोकसंख्येवरून आलेल्या असतात. सीएलएसआयच्या ईपी२८ प्रमाणे २० निरोगी माणसांवर त्या पडताळता येतात: दोनपेक्षा जास्त बाहेर गेले नाहीत तर मर्यादा वापरायला हरकत नाही.

अडचण "निरोगी" या शब्दाचीच आहे. लॅबच्या स्टाफमधून वीस जण धरले तर त्यांतल्या बऱ्याच जणांचं व्हिटॅमिन डी कमी निघेल, कारण दिवस एसीत आणि प्रवास लोकलमध्ये. आधी डी, पीटीएच (पॅराथायरॉइड हॉर्मोन), क्रिएटिनिन, थायरॉइड पाहा, मग निवडा. रजोनिवृत्तीपूर्वीच्या तिशी-चाळिशीतल्या स्त्रिया, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया आणि पुरुष, असे गट वेगळे ठेवा. उपचाराचं यश मोजताना डॉक्टर बहुधा पहिल्या गटाची खालची बाजू लक्ष्य म्हणून धरतात, त्यामुळे तो गट रिपोर्टवर दिसायलाच हवा. वाढत्या वयातल्या मुलांना यांपैकी कुठलीही मर्यादा लावू नका.

## टप्पा ९: किती फरक म्हणजे खरा फरक

मशीनचा सीव्ही आणि माणसाच्या शरीरातला नैसर्गिक चढउतार, दोघांचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि २.७७ ने गुणा. जो टक्का येतो त्यापेक्षा मोठा बदल खरा मानायचा.

उदाहरण: मशीन ४ टक्के, शरीर १० टक्के. १६ अधिक १०० म्हणजे ११६, वर्गमूळ १०.८, गुणिले २.७७ म्हणजे सुमारे ३० टक्के. सुरुवातीच्या फोनमधला बदल ०.५२ वरून ०.३१ म्हणजे ४० टक्के. कागदावर तो खरा ठरतो. मात्र हा ३० चा आकडा दोन्ही सॅम्पल सारख्याच तयारीने घेतली तरच लागू. पोहे खाऊन आलेल्या रुग्णासाठी हे गणित नाही.

तोंडाने घ्यायच्या बिस्फॉस्फोनेटसाठी (अ‍ॅलेंड्रोनेट, रायझेड्रोनेट याच गटातल्या) आयओएफ आणि युरोपियन कॅल्सिफाइड टिशू सोसायटीने २०१७ मध्ये सुचवलेली पद्धत सोपी आहे: सुरुवातीला एकदा, तीन महिन्यांनी एकदा. पी१एनपीत ३८ टक्के किंवा सीटीएक्समध्ये ५६ टक्क्यांहून जास्त घट दिसली, तर गोळी घेतली जात आहे आणि काम करते आहे असं समजायचं. दिसली नाही तर आधी गोळी नीट घेतली जाते का, ते विचारायचं. तुमच्या लॅबचा स्वतःचा टक्का काढा आणि तो डॉक्टरांना कळवा.

## टप्पा १०: रिपोर्ट

रिपोर्टवर या गोष्टी असाव्यात: रक्त काढल्याची वेळ, शेवटच्या खाण्याची वेळ, नळीचा प्रकार, मशीन आणि किटचं नाव, मागचा आकडा, टक्क्यांतला बदल आणि त्याशेजारी तुमची "खऱ्या फरकाची" मर्यादा.

एककं जपा. सीटीएक्स काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, काही पिकोग्रॅममध्ये. ०.३१ आणि ३१० हा एकच आकडा आहे. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून घाबरलेले नातेवाईक कुणी पाहिले नाहीत?

"ऑस्टिओपोरोसिस आहे" असं शेऱ्यात कधीही लिहू नका. निदान डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) आणि फ्रॅक्चरच्या इतिहासावरून होतं. दात काढण्यापूर्वी सीटीएक्स १५० पिकोग्रॅमच्या वर आहे का, हे बघण्याची मागणी काही दंतवैद्यांकडून येते. जबड्याच्या हाडाचा धोका त्यावरून नीट सांगता येतो, याला भक्कम आधार नाही. चाचणी करून द्या, पण तसा शेरा लिहून द्या.

## आकडा पटत नाही तेव्हा, या क्रमाने पाहा

१. एकटं सीटीएक्स घसरलं, पी१एनपी जागच्या जागी: आधी खाणं, कॅल्शियमची गोळी आणि वेळ तपासा, मग हिमोलिसिस आणि सीरम जास्त वेळ पडून राहिलं का ते. पण उपचार नुकताच सुरू झाला असेल तर हेच चित्र खरंही असू शकतं. हाड झिजणं आधी थांबतं, पी१एनपी नंतर उतरतं.

२. दोन्ही एकदम तळाला आणि औषध काहीच नाही: बायोटिन. काही दिवस बंद करून नवं सॅम्पल.

३. दोन्ही चढे: फ्रॅक्चर, डेनोसुमॅबचा चुकलेला डोस, थायरॉइड, पीटीएच. टेरिपॅराटाइड (हाड बनवणारं औषध) चालू असेल तर पी१एनपी चढणं अपेक्षितच आहे.

४. एकटं पी१एनपी चढं: यकृत आणि किडनी पाहा.

५. मागचा आकडा दुसऱ्या लॅबचा: मशीन, नळी, वेळ यांपैकी एकही गोष्ट वेगळी असेल तर टक्का काढू नका. तुमचा आजचा आकडा नवी बेसलाइन म्हणून द्या आणि तसं रिपोर्टवर छापा. तुम्ही स्वतः मशीन बदलत असाल तेव्हाही हाच नियम. बदलाच्या काळात उपचारावरच्या रुग्णांची सॅम्पल जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर लावून दोन्ही आकडे द्या आणि त्याचे वेगळे पैसे घेऊ नका.